प्राचीन संस्कृतींचे प्रगत तंत्रज्ञान आणि सृष्टिकर्त्यावरील श्रद्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील आमच्या बायबल अभ्यासवर्गात येणारे तरुण गेल्या काही वर्षांपासून मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफिती घेऊन येतात आणि विचारतात की, प्राचीन काळी वीज होती का, पिरॅमिड कोणी बांधले, जलप्रलयापूर्वीचे जग आपल्याहून पुढारलेले होते का. या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. देवाने सृष्टी निर्माण केली आणि माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले, यावर आमची पूर्ण श्रद्धा आहे. त्यामुळेच या श्रद्धेच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या कच्च्या पुराव्यांबद्दल आम्हांला स्पष्ट बोलावेसे वाटते.

सृष्टिनिर्मितीवादी मंडळी प्राचीन तंत्रज्ञानाला एवढे महत्त्व का देतात?

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. माणूस जर आरंभापासूनच देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला असेल, तर तो आरंभापासूनच विचार करणारा, भाषा वापरणारा आणि हातांनी नवे घडवणारा असला पाहिजे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन याने नगर वसवल्याचे सांगितले आहे. त्याच्याच वंशात याबाल हा तंबूत राहून गुरे पाळणाऱ्यांचा, युबाल हा वाद्ये वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष ठरतो आणि तुबल-काइन तांब्या-लोखंडाची हत्यारे घडवतो. अकराव्या अध्यायात बाबेलचे लोक दगडाऐवजी भाजलेल्या विटा आणि चुन्याऐवजी डांबर वापरतात, आणि मेसोपोटेमियातील उत्खननांत भाजलेल्या विटांची आणि डांबराच्या सांध्यांची बांधकामे प्रत्यक्ष सापडली आहेत. म्हणून प्राचीन काळातील एखादी थक्क करणारी वस्तू समोर आली की या मंडळींना ती आपल्या बाजूची साक्ष वाटते.

यातला मूळ विचार आम्हांला मान्य आहे. मात्र शास्त्रवचन नेमके काय सांगते, याकडे लक्ष द्यायला हवे. त्यात तांबे, लोखंड, वीट, डांबर, वीणा आणि पावा आहेत. विजेचे दिवे आणि उडती याने नाहीत. जे वचनात नाही ते वचनाच्या समर्थनार्थ म्हणून पुढे करणे हा वचनाचा आदर नव्हे.

सर्व सृष्टिनिर्मितीवादी पृथ्वीचे वय सहा हजार वर्षेच मानतात का?

नाही. काही जण वंशावळींची बेरीज करून तसे मानतात. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात निर्मितीचे वर्ष इ.स.पू. ४००४ असे काढले होते आणि त्यांचे अनुयायी आजही आहेत. दुसरे अनेक ख्रिस्ती देवाला निर्माता मानूनही भूशास्त्राने सांगितलेला दीर्घ काळ स्वीकारतात. आमची भूमिका या दुसऱ्या गटाची आहे.

प्राचीन काळी खरोखरच प्रगत म्हणावे असे काही होते का?

होते, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे ग्रीसमधील अँटिकिथेरा यंत्र, म्हणजे चंद्राची गती आणि ग्रहणे दाखवणारे दातेरी चाकांचे यंत्र. १९०० साली स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेले एक प्राचीन जहाज दिसले आणि पुढच्या वर्षी त्यातून वर आलेल्या वस्तूंमध्ये गंजून दगडासारखा झालेला ब्राँझचा एक गोळा होता. त्याचे आज ८२ तुकडे आहेत, त्यांत ३० दातेरी चाके ओळखता आली आहेत, आणि ते अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेले आहेत. २००५ मध्ये क्ष-किरणांनी त्याच्या आतले थर पाहिले गेले तेव्हा झाकणांवर आणि तबकड्यांवर कोरलेला मजकूरही वाचता आला.

यंत्राचे सगळ्यांत मोठे आश्चर्य एका चाकाच्या दात्यांत आहे. त्या चाकाला २२३ दाते आहेत, कारण २२३ चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे १८ वर्षे ११ दिवसांनी, ग्रहणांचा क्रम पुन्हा तसाच येतो. चंद्र आकाशात कधी जलद तर कधी सावकाश सरकतो; हा फरक दाखवण्यासाठी कारागिराने दोन चाकांचे आस किंचित सरकवून ठेवले आणि एका चाकावरची खुंटी दुसऱ्या चाकाच्या खाचेत बसवली, जेणेकरून एक चाक एकसारखे फिरत असताना दुसरे आपोआप पुढे-मागे होईल. हे सगळे हाताने कानस चालवून, पातळ पत्र्यावर दाते पाडून केलेले आहे.

तरीही हे यंत्र आकाशातून पडलेले नाही. ग्रहणांचा हिशेब बाबिलोनच्या निरीक्षकांनी शतकानुशतके टिपून ठेवला होता, ग्रीक गणितज्ञांनी त्याला भूमितीची जोड दिली होती, आणि आर्किमिडीजने केलेल्या अशाच एका आकाशयंत्राचा उल्लेख रोमन लेखक सिसेरो करतो. परंपरा होती, गुरू होते, शिष्य होते, म्हणूनच यंत्र झाले.

नागपूरच्या आसपास असे काही आहे का?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, याचे आम्हांला वाईट वाटते, कारण प्राचीन तंत्रज्ञानाचा अभ्यास करायला विदर्भाइतकी सोयीची जागा थोडीच असेल.

काटोल रस्त्याला जुनापाणीजवळ मोठमोठे दगड गोलाकार रचलेली दफनस्थळे आहेत. परिसरात अशी तीनशेच्या आसपास वर्तुळे सांगितली जातात आणि काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीच्या आकाराचे खळगे दिसतात. एकोणिसाव्या शतकातच तेथे उत्खनन झाले. त्याच दिशेने पुढे माहुरझरी आहे, जेथे १९७०च्या सुमारास शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात घोड्याच्या मुखावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले. माहुरझरी हे अकीक, कार्नेलियन यांसारख्या खड्यांचे मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते आणि ही कारागिरी महापाषाण काळापासून वाकाटकांच्या काळापर्यंत टिकली.

आणि पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नैकुंड आहे. तेथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तीही इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातली. ही भट्टी कशी चालत असेल ते समजून घेण्यासारखे आहे. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते आणि कोळशाच्या त्या भट्टीत एवढी उष्णता मिळत नसे. म्हणून कारागीर लोखंड वितळवतच नव्हता. धातुपाषाण आणि लाकडी कोळसा एकावर एक थरांनी भरून, मातीच्या नळ्यांमधून भात्याने वारा देत, सुमारे १२०० अंशांपर्यंत तो भट्टी तापवी. तेवढ्या उष्णतेत दगडातली माती, वाळू वितळून मळी होऊन खाली वाहे आणि लोखंड छिद्राळ गोळ्याच्या रूपात मागे राही. तो गोळा लाल असतानाच ठोकून ठोकून उरलेली मळी बाहेर काढायची, मग त्याची कुऱ्हाड, छिन्नी, घोड्याचा लगाम घडवायचा. वाऱ्याचा जोर कमी झाला तर लोखंड सुटत नाही, फार झाला तर कोळसा वाया जातो. हे ज्ञान कागदावर नव्हते, हातात होते.

नैकुंडला भट्टीसोबत मळीचे ढेकळे आणि भात्याच्या नळ्याही मिळाल्या, ही गोष्ट आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. जेथे खरे तंत्रज्ञान असते तेथे त्याचा कचरा असतो: मळी, फुटके साचे, भोक पाडताना तडकलेले मणी, अर्धवट टाकून दिलेले काम. पुढच्या प्रत्येक दाव्याला आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत की, या वस्तूचा कारखाना कुठे आहे आणि त्याचा कचरा कुठे आहे.

पिरॅमिड परग्रहवासीयांनी किंवा उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातील महाकायांनी बांधले का?

नाही. गिझाचा मोठा पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच आहे आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत, त्यामुळे माणसाच्या हातून हे झाले असेल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण तेथे कचरा भरपूर आहे. पिरॅमिडजवळ कामगारांची वस्ती सापडली, भाकरीच्या भट्ट्या सापडल्या, गुराढोरांची हाडे सापडली आणि कामगारांच्या कबरीही सापडल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे मिळाले, त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी होती. आपल्या टोळीने तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरून खूफूच्या पिरॅमिडकडे कसे नेले, हे त्याने दिवसावार लिहून ठेवले आहे. आस्वानच्या खाणीत तर सुमारे ४२ मीटर लांबीचा एक स्तंभ तडा गेल्यामुळे अर्धवट सोडून दिलेला आजही पडून आहे आणि तो ठोकून काढण्यासाठी वापरलेले कठीण दगडी गोटे तेथेच मिळाले आहेत.

आपल्याकडे जुन्या हेमाडपंती देवळाबद्दल ते भुतांनी किंवा राक्षसांनी एका रात्रीत बांधले, अशी कथा गावोगावी सांगतात. कथा गोड आहे, पण तिच्यात पाथरवट नाहीसा होतो. परग्रहवासीयांच्या कथेत नेमके हेच होते, आणि कधीकधी त्यामागे अधिक वाईट हेतू असतो: आफ्रिकेतील ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती स्थानिक काळ्या लोकांनी उभारल्या हे मान्य करण्याऐवजी युरोपीय वसाहतवाद्यांनी त्यांचे श्रेय फिनिशियन लोकांना आणि शबाच्या राणीला देऊन टाकले होते. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून ते काम तेथील आफ्रिकी समाजाचेच असल्याचे दाखवून दिले. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे असे मानणाऱ्याने कोणत्याही माणसाचे श्रम असे हिरावून घेऊ नयेत.

बगदादची बॅटरी आणि देंदेराचा दिवा यांचे काय?

१९३६ मध्ये बगदादजवळ खुजुत रबू येथे सुमारे १४ सेंटिमीटर उंचीचे मातीचे भांडे मिळाले. आत तांब्याची नळी, नळीत लोखंडी कांब आणि तोंडाला डांबर. विल्हेल्म कोनिग यांनी ती बॅटरी असावी असे सुचवले. अशा भांड्यात व्हिनेगर ओतले तर थोडा विद्युतदाब मिळतो, हे खरे आहे. परंतु तांब्याची नळी डांबराने पूर्ण झाकलेली आहे, म्हणजे तार जोडायला जागाच नाही. तार नाही, दिवा नाही, विजेवर चालणारी एकही वस्तू नाही. याच भागात पपायरसच्या गुंडाळ्या ठेवण्यासाठी वापरलेली याच्याशी मिळतीजुळती भांडी सापडली आहेत. आम्लात धातू बुडवल्यावर वीज निर्माण होते म्हणून प्रत्येक लोणच्याच्या बरणीला बॅटरी म्हणता येत नाही.

इजिप्तमधील देंदेराच्या हाथोर मंदिरात कोरलेले एक चित्र विजेचा दिवा म्हणून दाखवले जाते. तो ‘दिवा’ म्हणजे कमळातून निघणारा साप आहे, आणि शेजारच्या चित्रलिपीत त्याचे वर्णन धार्मिक प्रतिमा म्हणूनच केले आहे.

टेक्सासचा हातोडा आणि डायनोसॉरसोबतची मानवी पावले हे तर सृष्टिनिर्मितीचे पुरावे नाहीत का?

टेक्सासमधील लंडन या गावी खडकाच्या गोळ्यात अडकलेला एक हातोडा मिळाला आणि खडक कोट्यवधी वर्षांचा असल्याने हातोडाही तेवढा जुना, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात पाण्यात विरघळलेला चुना अलीकडच्या वस्तूभोवतीही साचून घट्ट होतो आणि हातोड्याची घडण एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी हातोड्यांसारखीच आहे.

टेक्सासमधल्याच पॅलक्सी नदीपात्रात डायनोसॉरच्या ठशांसोबत दिसणाऱ्या पावलांची गोष्ट अधिक बोधक आहे. ती पावले माणसांची म्हणून सृष्टिनिर्मितीवादी मंडळी वर्षानुवर्षे दाखवत होती. पुढे बारकाईने पाहिल्यावर ती टाच टेकवून चाललेल्या डायनोसॉरची, बोटांचे ठसे गाळाने भरून गेलेली पावले असल्याचे दिसले, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात या विचाराच्या प्रमुख संस्थांनीच हा पुरावा वापरू नये असे जाहीर केले. त्यांच्या या प्रामाणिकपणाचा आम्ही आदर करतो. दुर्दैवाने चित्रफितींमध्ये तीच पावले आजही फिरत आहेत.

आपल्याकडच्या प्राचीन विमानांबद्दल तुमचे काय मत आहे?

हा प्रश्न आमचे हिंदू मित्रही विचारतात आणि त्यांच्याशी बोलताना आमची कसोटी बदलत नाही. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ प्राचीन म्हणून सांगितला जातो, परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी करून तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा असल्याचे आणि त्यातील याने उडू शकणार नाहीत असे दाखवले. काव्यातले पुष्पक विमान काव्य म्हणून थोर आहे.

याउलट भारताचा खरा वारसा किती भक्कम आहे पाहा. दिल्लीचा लोहस्तंभ सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड आहे. सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असूनही तो फारसा गंजलेला नाही, कारण त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, हे कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून सांगितले. राजस्थानातील झावर येथे जस्त मिळवताना मोठी अडचण अशी होती की जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होऊन निघून जाते. तेथील कारागिरांनी मातीची वांग्याच्या आकाराची पात्रे उलटी ठेवून ती वाफ खाली उतरवली आणि थंड करून धातू गोळा केला. तेथे वापरून टाकलेल्या त्या पात्रांचे ढिगारे आहेत, वस्तीतल्या भिंतीसुद्धा त्यांच्या आहेत. कचऱ्याची कसोटी झावर पूर्ण करते.

जलप्रलयापूर्वी एखादी अतिप्रगत संस्कृती होती आणि ती वाहून गेली, असे का मानू नये?

असे मानणाऱ्यांना आम्ही तारखा शेजारी-शेजारी मांडून पाहण्याची विनंती करतो. अशर यांच्या गणिताप्रमाणे जलप्रलय इ.स.पू. २३४८च्या सुमारास येतो. मोठा पिरॅमिड त्याहून दोनशे वर्षे आधीचा आहे, आणि इजिप्तमधील राजवंश, लेखन व कबरी त्या वर्षातून खंड न पडता पुढे जातात. ही अडचण टाळण्यासाठी काही जण इजिप्तचा इतिहास आखूड करतात. परंतु २०१० मध्ये राजांच्या कबरींतील बिया, टोपल्या आणि वनस्पतींचे कार्बन-मापन करून, म्हणजे त्यांत कार्बन-१४ किती उरला आहे यावरून वय काढून, जो कालक्रम आला, तो इजिप्तच्या लेखी कालक्रमाशी बऱ्यापैकी जुळला. तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे तर इ.स.पू. ९५००च्या आसपासचे आहे. तेथील साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे खांब धातूशिवाय, गारगोटीच्या हत्यारांनी कोरले गेले आणि जवळच्या खाणीत अर्धवट सोडलेला खांब आजही दिसतो.

शिवाय, पुराने यंत्रे वाहून गेली असे मानले तरी खाणी वाहून जात नाहीत. तांबे, लोखंड, कोळसा मोठ्या प्रमाणावर काढलेल्या जागा जमिनीत खड्डा म्हणून राहतातच, आणि तशा अतिप्राचीन औद्योगिक खाणी कुठेही मिळालेल्या नाहीत.

कार्बन-मापनावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारे?

कार्बन-१४चा अर्धायुकाल ५७३० वर्षे आहे, म्हणजे एवढ्या काळात तो निम्मा उरतो. हवेतील त्याचे प्रमाण मात्र काळानुसार थोडे बदलते, आणि टीकाकार हे बरोबर दाखवतात. म्हणूनच मापनाचा पडताळा झाडांच्या वाढवलयांशी घेतला जातो. मध्य युरोपातील ओक आणि पाइन यांची वलये एकमेकांना जोडत बारा हजार वर्षांहून मागे जाता येते. जपानमधील सुइगेत्सू सरोवराच्या तळाशी दरवर्षी एक थर साचतो, त्यातली पाने मोजली तरी हिशेब जुळतो. झाड आणि सरोवर यांनी संगनमत केलेले नाही.

एवढे सगळे मान्य केले तर श्रद्धेला काय उरते?

या प्रश्नावर आम्ही स्टीफन हिस्लॉप यांच्याकडे बोट दाखवतो. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांच्याच नावाने पुढे येथे हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. शाळा चालवत, उपदेश करत, गोंडांची भाषा व गाणी टिपत असताना त्यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसरातील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. टाकळीजवळच्या लाव्हाथरांमधील गाळातून त्यांनी गोड्या पाण्यातील शिंपले आणि वनस्पती गोळा केल्या, आणि चंद्रपूर भागातील पिसदुऱ्यातून प्रचंड प्राण्यांची हाडेही. ज्या काळ्या दगडावर सीताबर्डीचा किल्ला उभा आहे, त्या दगडाचे वय आज सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मानले जाते. देवाच्या सृष्टीतला दगड वाचताना हिस्लॉप यांना आपली श्रद्धा झाकून ठेवावी लागली नाही, आणि श्रद्धेसाठी दगड खोटा ठरवावा लागला नाही. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

सृष्टिकर्त्याने माणसाला बुद्धी आणि हात दिले, ही आमची श्रद्धा आहे. नैकुंडच्या भट्टीत आणि अथेन्सच्या त्या दातेरी चाकात आम्हांला तेच देणे कामाला लागलेले दिसते.

नागपुरात हे प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

१८६३ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयापासून, म्हणजे आपल्या अजब बंगल्यापासून सुरुवात करावी. जुनापाणीला दिवाळीनंतर जावे. पावसाळ्यात गवत इतके वाढते की दगडांची वर्तुळे डोळ्यांना सापडत नाहीत. वाटीसारखे खळगे सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे पडते तेव्हा स्पष्ट दिसतात. ही स्थळे संरक्षित आहेत: दगडांवर खडूने रेघा ओढू नयेत, माती उकरू नये, आणि मळीचा तुकडा किंवा मणी दिसला तरी उचलून घरी आणू नये, कारण तो ज्या जागी पडला आहे त्या जागेवरूनच त्याचे वय आणि काम ठरवता येते. तसे काही दिसल्यास छायाचित्र काढावे, जागा टिपून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.